कंडेम हात : एका काळ्या भविष्यकादंबरीचं हस्तलिखित

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कादंबरीच्या हस्तलिखिताचं आहे. लेखक भुसावळचे. रेल्वेच्या इलेक्ट्रिक इंजिनांच्या शेडमध्ये फिटर म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिहायला घेतलं ते थेट भविष्यातलं. एक माजी सैनिक, त्याचं निम्मं शरीर यंत्राचं, आणि त्याच्याभोवती आतून सडलेलं शहर. आम्ही सगळे लेखकाला आप्पा म्हणतो, म्हणून इथेही आप्पाच. गावांची नावं खरी आहेत. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. पुस्तकाचं नाव आप्पांच्या विनंतीवरून देत नाही.

मी संपादनाचं काम करते. जळगावात आमचा सात-आठ जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा आम्ही जमतो आणि कुणाचं तरी लिखाण मोठ्यानं वाचतो. आप्पांची पहिली वही गटात आली तिथपासून पुस्तक छापून हातात पडेपर्यंत साडेतीन वर्षं गेली. या काळात आम्ही जे निर्णय घेतले त्यातले काही बरोबर ठरले. दोन चुकले, आणि त्यातला एक पूर्णपणे माझा होता.

या लेखनप्रकाराबद्दल थोडं सांगणं भाग आहे. ‘नॉयर’ हा फ्रेंच शब्द, अर्थ काळा. निनो फ्रँक या समीक्षकानं १९४६ साली काही अमेरिकी चित्रपटांसाठी तो वापरला आणि पुढे तो रूढ झाला. आपल्याकडच्या रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार सापडतो आणि घडी पुन्हा बसते. नॉयरमध्ये शोध घेणाऱ्याला सत्य सापडतं, पण घडी बसत नाही, आणि बहुतेक वेळा त्या बिघाडात त्याचाही हात असतो. दुसरा शब्द ‘सायबोर्ग’. तो १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी अंतराळवीरांच्या संदर्भात घडवला. शरीराची देखभाल यंत्रानं आपोआप करावी आणि माणसानं मोकळ्या मनानं अंतराळ धुंडाळावं, ही मूळ कल्पना. देखभालीतून सुटका व्हावी म्हणून जन्मलेला हा शब्द. आप्पांच्या नायकाचं मात्र सगळं आयुष्य देखभालीतच जातं. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा दिसली, पण पुस्तकाचा कणा तीच होती.

पहिला खर्डा आणि अडचण

पहिल्या पानावर पाऊस होता. दुसऱ्या प्रकरणात पाऊस, तिसऱ्यातही पाऊस. ओल्या डांबरावर निऑनचे रंग, कॉलर वर केलेला बेचाळीस वर्षांचा नायक, पोलादी हातातून सुटणाऱ्या गोळ्या. महानगराला नाव होतं पण वास नव्हता. एका प्रकाशकांनी हस्तलिखित दोन आठवड्यांत परत पाठवलं. सोबत एकच ओळ होती: भाषा चांगली आहे, पण हे सगळं आधी पाहिल्यासारखं वाटतं.

आप्पांना ते लागलं. मी वाचलं तेव्हा मलाही प्रकाशकांचंच म्हणणं पटलं. मात्र मधेच कुठेतरी सहा पानं अशी होती की मी ती दोनदा वाचली. रात्री नायक मनगटाचं झाकण उघडतो. आतल्या बेअरिंगला ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, आला आहे का हे पाहायला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मनगटावर टेकवतो आणि त्याच स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावतो. आवाजावरून त्याला कळतं की ग्रीस सुकलंय. शेडमधले जुने फिटर बेअरिंग असंच ऐकतात. पुढच्या वाक्यात तो स्वतःशी म्हणतो, ‘पीओएच ड्यू होऊन चार वर्षं झाली. आता कंडेमच.’ पीओएच म्हणजे ठरावीक मुदतीनं इंजिन पूर्ण उघडून करायची दुरुस्ती, आणि कंडेम म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं, भंगारात काढायचं. ती सहा पानं दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती. उरलेली तीनशे पानं कुणीही लिहिली असती.

गटात ते हस्तलिखित वाचलं गेलं तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं, “आप्पा, या माणसाला घाम का येत नाही?”

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, पाऊस होता ना.”

आमची खरी सुरुवात त्या संध्याकाळी झाली.

समोर असलेले मार्ग

त्यानंतरच्या दोन बैठकांत चार मार्ग मांडले गेले.

पहिला, महानगर तसंच ठेवायचं आणि कथानक घट्ट करायचं. गटातल्या दोन तरुण मुलांचा याला पाठिंबा होता. त्यांचं म्हणणं असं की या प्रकारच्या वाचकाला निऑन आणि पाऊस हवाच असतो, तो मिळाला नाही तर तो पुस्तक खाली ठेवतो. दुसरा, गोष्ट भुसावळला आणायची पण हवामान बदलामुळे इथे सतत पाऊस पडतो असं दाखवायचं. ही पळवाट होती आणि ती सगळ्यांनाच कळत होती. तिसरा मार्ग माझ्या एका संपादक मित्रानं सुचवला: भविष्य सोडून द्या, आजच्या माजी सैनिकावर सरळ वास्तववादी कादंबरी लिहा. हा मोह मोठा होता, कारण आप्पांच्या ओळखीत अशी माणसं होती. चौथा, भविष्य ठेवायचं, काळोख ठेवायचा, पण दोन्ही खान्देशाच्या उन्हातून उभे करायचे. त्यासाठी जवळजवळ सगळं पुन्हा लिहावं लागणार होतं.

तिसऱ्या मार्गावर आम्ही बरेच दिवस अडलो. शेवटी आप्पांच्याच एका वाक्यानं तो बाद झाला. ते म्हणाले, आजच्या सैनिकाचा हात त्याचा स्वतःचा असतो, नाहीतर नसतो. मला असा माणूस हवाय ज्याचा हात आहे, पण तो त्याच्या मालकीचा नाही.

ही कल्पना हवेतली नव्हती. डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं एक उपकरण अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळवून बाजारात आलं. जगभरात साडेतीनशेच्या वर अंध माणसांनी ते शस्त्रक्रिया करून बसवून घेतलं. काही वर्षांत कंपनी अडचणीत आली, तिनं ते उत्पादन सोडलं, आणि ज्यांच्या डोळ्यांत ते होतं त्यांना दुरुस्ती आणि सुटे भाग मिळेनासे झाले. हे वाचलं तेव्हा आप्पा म्हणाले, “म्हणजे माणूस चालू, कंपनी कंडेम.” चौथा मार्ग त्या दिवशी ठरला.

निर्णय पहिला: पावसाऐवजी ऊन

नॉयरचा काळोख रात्रीतून येतो असं आपण धरून चालतो. खान्देशात मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाहेर पडून पाहा. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. रस्ता ओस, दुकानांची शटर अर्धी खाली, कुत्री गटाराच्या कडेला, दाराची लोखंडी कडी हातात धरवत नाही. संचारबंदी लागल्यासारखं. २०२४च्या मे महिन्यात तर उन्हामुळे जळगाव जिल्ह्यात खरोखरच जमावबंदीचं कलम लावलं गेलं होतं. आप्पांनी तिथून पुढे पन्नास वर्षं ताणली. त्यांच्या भुसावळात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बाहेर पडायला बंदी आहे. बाजार रात्री भरतो, शाळा रात्री भरते, केळीचे घड रात्री उतरवले जातात. रात्र ही माणसांची, गजबजलेली वेळ. खून होतात ते भर दुपारी, लख्ख उजेडात, कारण पाहायला कुणीच नसतं.

ही उलटापालट सुचली आणि बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर आल्या. नायक दुपारी बाहेर पडू शकतो, कारण तपासासाठी तीच वेळ मोकळी असते. पण दुपारीच त्याचं यंत्र त्याला दगा देतं. इथे आप्पांमधला फिटर जागा झाला. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश धरतात. त्याच्या वर चार्ज केली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे मे महिन्यात दिवसा हात चार्जच करता येत नाही, उघड्यावर तर नाहीच. शिवाय असे हात चालतात ते उरलेल्या स्नायूंमधल्या अगदी क्षीण विद्युत संदेशांवर. कातडीला टेकलेले इलेक्ट्रोड ते संदेश टिपतात. घाम आला की सॉकेट, म्हणजे उरलेल्या हातावर बसणारी खोबण, सरकतं, संपर्क बिघडतो, आणि हात न सांगता मिटतो किंवा सांगूनही मिटत नाही. शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं कथानकाच्या मुळाशीच जाऊन बसलं. पुस्तकातल्या सगळ्यात भीतीच्या प्रसंगात बंदूक नाही. नायक तापी पुलाच्या कठड्याला एका पोराला धरून उभा आहे, खाली कोरडं पात्र, आणि त्याच्या कोपरावरून घामाचा ओघळ खाली उतरतोय.

निर्णय दुसरा: वय

बेचाळिसाचा नायक अडुसष्टाचा झाला. याला आप्पांचा विरोध होता, आणि तो मी समजू शकत होते. ते स्वतः त्याच वयाच्या आसपास होते. आपल्याच वयाचा माणूस इतका जवळून न्याहाळायला धैर्य लागतं.

मी त्यांना एकच गोष्ट विचारली: यंत्र आधी म्हातारं होतं की माणूस? ते म्हणाले, शेडमध्ये इंजिन आणि ड्रायव्हर एकाच वर्षी निवृत्त झालेलं त्यांनी पाहिलंय. त्या दिवशी ड्रायव्हर इंजिनाच्या बफरला हार घालून गेला होता. मग त्यांनी स्वतःच वय वाढवलं.

वय वाढल्यावर नायकाला हयातीचा दाखला द्यावा लागला. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकानं आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. २०१४पासून ते बोटांच्या ठशांवरही होतं. शेतात राबलेल्या किंवा शेडमध्ये घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत, हे रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोयही आली. आप्पांच्या भविष्यात नायकाची सरकारी ओळख त्याच्या पोलादी हातातल्या चिपशी जोडलेली आहे. हात चालू असेल तर माणूस जिवंत. हात बनवणाऱ्या कंपनीनं त्याची देखभाल थांबवली तेव्हा तिनं या माणसाच्या जिवंत असण्याची किल्लीच खिशात घातली. या एका धाग्यानं पुस्तकाला जो धाक दिला तो आधीच्या खर्ड्यातल्या तीस चकमकींनी दिला नव्हता.

निर्णय तिसरा: बोली

पहिल्या खर्ड्यात सगळे पुस्तकी मराठी बोलत होते, मृतदेहाजवळ उभा हवालदारसुद्धा. खान्देशात हे अवघड आहे. धुळे, साक्री, अमळनेरकडे अहिराणी. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा बोली. आणि पंधरा-वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाच्या तोंडी फौजी हिंदी असते, ती घरी आल्यावरही जात नाही.

आप्पांना सगळं कथन अहिराणीत हवं होतं. मी नको म्हटलं. कारण व्यवहारी होतं: नागपूर किंवा सांगलीचा वाचक दहाव्या पानावर दमला असता. शेवटी ठरलं ते असं. निवेदन साध्या मराठीत. तपास, कार्यालय, अधिकारी यांच्याशी नायक हिंदी-मराठी मिसळून बोलतो. अहिराणी मात्र फक्त तेव्हाच येते जेव्हा त्याचं स्वतःवरचं नियंत्रण सुटतं. त्यामुळे पुस्तकभर ती मोजून अकरा वेळा येते. पहिल्यांदा शेजारी विचारतो, “काय व्हयनं भो?” आणि नायक उत्तर देत नाही. शेवटच्या वेळी कार्यालयातल्या खिडकीसमोर तो म्हणतो, “हाऊ हात मना नई.” त्या वाक्यापर्यंत पोचलेल्या वाचकाला अर्थ सांगावा लागत नाही. गटात ते पान वाचलं तेव्हा साक्रीकडच्या आमच्या एका मित्राला पुढचं वाचता येईना, दुसऱ्यानं वही हातात घेतली.

गावात त्याला सगळे ‘मेजर’ म्हणतात, हाही तपशील याच टप्प्यावर आला. आपल्याकडे फौजेतून आलेला कुणीही मेजरच. हा माणूस प्रत्यक्षात नाईक या बऱ्याच खालच्या हुद्द्यावरून बाहेर पडलेला. ही चूक तो कधीच दुरुस्त करत नाही.

निर्णय चौथा: खऱ्या सैनिकाला दाखवणं

हे आम्ही फार उशिरा केलं, तिसरा खर्डा पूर्ण झाल्यावर. चोपडा तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार, भूसुरुंगात गुडघ्याखालचा पाय गेलेला, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून घेतलेला. हे केंद्र १९४४पासून चालू आहे, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्यांसाठी उघडलेलं. सुभेदारसाहेबांनी हस्तलिखित वीस दिवस ठेवून घेतलं. आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांच्या मांडीवर ते होतं, पानोपानी पेन्सिलच्या खुणा.

“आप्पा, मारामारी ठीक आहे,” ते म्हणाले. “तुमचा माणूस रडत नाही तेही बरोबर. पण तो रात्री हात काढून कुठे ठेवतो, ते तुम्ही लिहिलंच नाही.”

आप्पांनी विचारलं, “तुम्ही कुठे ठेवता?”

“उशाशी. पलंगाखाली ठेवला की सकाळी वाकून शोधावा लागतो. आणि बायको गेल्यापासून तिच्या बाजूला ठेवतो.”

ते अगदी साधेपणानं बोलत होते. मग त्यांनी उन्हाळ्याचं सांगितलं. सॉकेटच्या आत मोजा असतो, मे महिन्यात तो दिवसातून तीनदा बदलावा लागतो, नाहीतर कातडी सोलते. पाय नसलेल्या ठिकाणी बोटांना खाज येते, आणि खाजवायला काही नसतं. असं का होतं याचं कुतूहल डॉक्टरांना फार जुनं आहे. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार केलेल्या वियर मिचेल यांनी १८७१ साली या अनुभवाला ‘फँटम लिंब’ असं नाव दिलं. साहेबांना ते नाव माहीत नव्हतं. ते म्हणत, “पाय घरी आलेला नाही अजून.”

हे वाक्य आम्ही पुस्तकात वापरलं नाही. आप्पा म्हणाले, ते साहेबांचं आहे. इथे ते साहेबांना विचारून लिहिलं आहे.

चौथ्या खर्ड्यात लढाईची चार प्रकरणं गेली आणि त्यांच्या जागी हात काढण्याची, पुसण्याची, वाळवण्याची, ठेवण्याची पानं आली. भरिताचा प्रसंगही याच वेळी लिहिला गेला. हिवाळ्याची रात्र, तापीकाठचं शेत, वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या आगीत वांगी भाजतायत. नायक पोलादी हातानं निखाऱ्यातून वांगी काढून देतो, पोरं भोवती गोळा झालीत, मेजर हे काढा, मेजर ते काढा. त्याला चटका बसत नाही. मग एक मुलगी सोललेल्या वांग्याचा गरम घास त्याच पोलादी तळव्यावर ठेवते, आणि तो गरम आहे की गार हे त्याला कळत नाही. तो धरून बसतो. सबंध काळ्याकुट्ट पुस्तकात एवढाच एक प्रसंग आनंदाचा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात दुखरा आहे.

निर्णय पाचवा: दोष कुणाचा, शेवट कोणता

कथानक असं आहे. नायकाच्या तुकडीतले जुने साथीदार एकेक करून मेलेले सापडतात, आणि त्यांच्या शरीरातले यंत्राचे भाग काढून नेलेले असतात. एका साथीदाराची विधवा नायकाला तपास करायला सांगते. भुसावळच्या यार्डामागे भंगाराचा बाजार आहे, तिथे हे भाग विकले जातात. धागा कंपनीच्या वारसदारांपर्यंत पोचतो.

पहिल्या तीन खर्ड्यांत शेवटी नायक कंपनीच्या इमारतीत घुसतो आणि सगळं संपवतो. वाचताना बरं वाटतं, पण ते नॉयर नाही आणि खरंही नाही. मी आप्पांना म्हटलं, दोषाचा थोडा वाटा त्याचाही हवा, आणि तो पहिल्या पन्नास पानांतच वाचकाच्या डोळ्यांसमोर घडायला हवा. आप्पांनी दोन महिने काही लिहिलं नाही. मग एका रात्री फोन केला. “ताई, पत्ते त्यानंच दिले.”

चौथ्या प्रकरणात नायकाची बॅटरी मरायला टेकलेली आहे. एक माणूस येतो, सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन. तुकडीतल्या साथीदारांची नावं, गावं, कुणाला कोणता अवयव. फॉर्म भरला तर नवी बॅटरी मिळणार. नायक भरतो. पंधरा ओळींचा प्रसंग, मग गोष्ट पुढे जाते आणि वाचक तो विसरतो. नायकही विसरतो. दोनशे पानांनंतर त्याला तोच फॉर्म कुणाच्या तरी टेबलावर दिसतो, स्वतःच्या अक्षरातला.

यानंतर काय, यावर आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. आप्पांना नायकानं रुळांवर जाऊन उभं राहावं असं वाटत होतं. साहित्यिकदृष्ट्या ते चुकीचं म्हणता आलं नसतं. सुभेदारसाहेबांनी मात्र स्पष्ट सांगितलं: “यादीत अजून माणसं जिवंत आहेत ना? मग तो मरायला मोकळा नाही.”

शेवट त्या वाक्यावरून ठरला. नायक हात काढतो आणि पुरावा म्हणून कार्यालयाच्या खिडकीत जमा करतो. हात गेला की नोंदीत तो मृत. निवृत्तिवेतन बंद, रेशन बंद, दवाखाना बंद. मग भर दुपारी, बंदीच्या वेळेत, एका हातानं पाण्याची बाटली धरून तो यादीतल्या उरलेल्या पहिल्या पत्त्याकडे चालू लागतो. तो पोचतो की नाही हे लिहिलेलं नाही.

निष्पत्ती

पाचव्या खर्ड्यानंतर हस्तलिखित तीन ठिकाणी गेलं. दोघांनी नाकारलं. एकानं विज्ञानकथेत विज्ञान कमी आहे असं कळवलं, दुसऱ्यानं काहीच कळवलं नाही. तिसऱ्या, लहान प्रकाशकांनी घेतलं. त्यांनी अहिराणी वाक्यांना तळटिपा मागितल्या. आम्ही नकार दिला, त्यांनी मानलं. पहिली आवृत्ती लहान होती आणि हळूहळू गेली. सर्वांत जास्त प्रती अमळनेर आणि धुळ्याकडे गेल्या, आणि विकत घेणाऱ्यांत विज्ञानकथा कधीच न वाचलेली माणसं बरीच होती. निऑन आणि पावसाची बाजू घेणाऱ्या आमच्या दोन तरुणांचा अंदाजही पूर्ण चुकला नाही. या प्रकाराचे पक्के वाचक काही प्रमाणात दुरावले. त्यांना वेग कमी वाटला, आणि त्यांच्या बाजूनं ते खरं आहे.

विधवेचं पात्र कच्चं राहिलं. ती येते, तपास सोपवते, आणि मग तिला करायला काही उरत नाही. तीन वेगवेगळ्या वाचक बायकांनी मला हे सांगितलं, आणि तिघींचंही बरोबर होतं. आमचं सगळं लक्ष हातावर होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सुभेदारसाहेबांकडे पहिल्या खर्ड्याच्या वेळीच जायला हवं होतं. आम्हाला भीती होती की खरा सैनिक भविष्यातल्या सैनिकाला हसेल. दीड वर्ष वाया गेलं ते त्या भीतीमुळे.

दुसरी चूक माझी. तिसऱ्या खर्ड्यात धरणगावचं एक प्रकरण होतं. नायक तुकडीतल्या एका भिल्ल साथीदाराला भेटायला जातो, आणि तो साथीदार रात्री ओट्यावर बसून आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगतो. १८२५ साली इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम यानं खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. सातपुड्यातले जे भिल्ल इंग्रजांशी लढत होते त्यांच्यातूनच शिपाई भरती केले आणि त्यांच्याच भाऊबंदांना काबूत आणायला वापरले. पगार, कपडे, बंदूक, आणि बदल्यात डोंगरातल्या वाटा दाखवायच्या. मी ते प्रकरण काढायला लावलं. माझी टीप अजून माझ्या वहीत आहे: ‘इतिहास सुंदर, पण गोष्ट थांबते.’

त्या वेळी बॅटरी आणि पत्त्यांचा प्रसंग सुचलेला नव्हता. तो सुचला तेव्हा मला धरणगाव आठवायला हवं होतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी वाटा दाखवल्या, आणि आजपासून पन्नास वर्षांनी कुणीतरी पत्ते दिले, दोघांनाही बदल्यात काहीतरी लागत होतं. हे दोन प्रसंग एकमेकांसमोर ठेवले असते तर नायकाचा अपराध त्याच्या एकट्याचा राहिला नसता, या जमिनीत मुरलेला दिसला असता. शिवाय यादीतून पहिला मारला जातो तो हाच साथीदार. छापील पुस्तकात तो फक्त एक नाव आणि एक मृतदेह आहे, त्याचा आवाज मी काढून टाकला.

पुस्तक आल्यावर चार महिन्यांनी हे माझ्या लक्षात आलं. मी भुसावळला जाऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आत गेले आणि ते प्रकरण घेऊन आले. टाचणी गंजलेली होती. “मला तेव्हाच वाटत होतं,” ते म्हणाले, “पण कारण सांगता येत नव्हतं.” मग चष्मा लावून त्यांनी पहिलं पान वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत पेन्सिलनं एक शब्द खोडला.